रिहर्सचं माहेर

शनि. २ मे

क्लासचा पंखा चालू होता, पण वारा गरमच. खाली टायरवाल्याचं रबर तापतं, त्याचा वास वर येतो. पाठक सरांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरवला. आत चिठ्ठ्या, प्रत्येकीवर इंग्रजीचं एकेक क्रियापद. सर म्हणाले, अर्थ नुसता पाठ करून येऊ नका. अर्थ म्हणजे शब्दाचं सासर, तिथं तो राबताना सगळ्यांनाच दिसतो. मला त्याचं माहेर हुडकून आणा.

जोड्या सरांनीच लावल्या. मी आणि ओंकार. चिठ्ठी अर्थात त्यानं काढली, मी हात पुढं करेपर्यंत त्याचा डब्यात जाऊन आलेला. 'रिहर्स'. म्हणजे तेच ते पुन्हा म्हणणं, तालीम करणं. एवढं मलाही माहीत. पिशोरच्या शाळेत गॅदरिंगला मी झाड झालो होतो, चार दिवस झाडाची तालीम.

खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. २३ तारखेला वाघचौरे म्हणून एकजण आम्हाला ऐकायला येणार आहेत. स्टेशन रोडला त्यांचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस. वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे घेऊन जायला त्यांना एक पोरगा हवाय. एकच. आपल्या चिठ्ठीतल्या शब्दावर बोलून दाखवायचं. तयारी जोडीनं, पण बोलायचं एकेकट्यानं.

बी.ए. सेकंड इयर सोडलं तेव्हा वडील, अण्णा, म्हणाले होते, फिरायचा पगार देतं का कुणी. आता देणारा निघालाय. ही नोकरी मला पाहिजे. दुसरं काही इतकं पाहिजे झालेलं आठवत नाही.

ओं.ला विचारलं, तुला कशाला पाहिजे? बाप बँकेत, शाळा इंग्लिश मीडियम, क्लासला म्हणे कॉन्फिडन्ससाठी येतो.

"गॅप इयर आहे रे. मजा येईल."

मजा.


सोम. ४ मे

साइटवर दिवसभर उभा. बीड बायपासला सात मजली चार बिल्डिंगा चालल्यात, त्यातला सॅम्पल फ्लॅट दाखवायचं माझं काम. ही पाचवी नोकरी. मोबाइलचं दुकान, कुरिअर, मंगल कार्यालय, मग सहा महिने अजिंठ्याच्या फाट्यावर टोप्या विकल्या. त्यातल्या त्यात तेच बरं होतं, माणसं तरी नवी.

हा हॉल, पूर्वमुखी. हे किचन, इथं फिल्टरचा पॉइंट. ही गॅलरी. चोवीस तास पाणी. दिवसातून किती वेळा, मोजायचं सोडलं. चोवीस तास पाणी म्हणताना खिडकीतून टँकर दिसतो, म्हणून त्याच वेळी मी पडदा ओढतो, ऊन फार आहे असं म्हणत. हे कुणी शिकवलं नाही. म्हणता म्हणता आपोआप आलं.

सुटल्यावर ओं.च्या घरी, सिडकोत. नळ त्यांनाही आठ दिवसांनीच, पण टाकी मोठी. त्याच्या आईनं पोहे दिले. माझ्याशी बोलताना त्या एकेक शब्द सुटा करून बोलतात, मी बहिरा असल्यासारखं. चांगल्या आहेत. तेच डोक्यात जातं.

लॅपटॉपवर माहेर सापडलं. ओं. वाचत गेला. जुन्या फ्रेंचमधून आलाय. 'रि' म्हणजे पुन्हा, आणि मागचा 'हर्स' म्हणजे हॅरो. शेतातलं औत. एकदा हॅरो फिरवलेल्या मातीवरून परत हॅरो फिरवायचा. तिथून मग एकदा सांगितलेलं परत सांगणं, आणि लई नंतर नाटकवाल्यांची तालीम.

"हॅरो म्हणजे नांगर," ओं. म्हणाला आणि वहीत लिहूनही टाकलं.

मी चित्र बघितलं. लाकडाची चौकट, खाली दात. नांगर नव्हताच तो. नांगर जमीन फोडतो. हे फोडलेल्यावरून न्यायचं. आमच्याकडं वखर. वखराला दात नसतात, खाली लोखंडाचं आडवं पातं असतं, त्याला पास म्हणतात. पण काम तेच. ढेकळं फोडायची, भेगा बुजवायच्या.

सांगू का नको, पाच मिनिटं चाललं. नांगरच राहू दिला असता तर? मग सांगितलं. त्याच्या भल्यासाठी नाही. एक तरी गोष्ट त्याच्यापेक्षा मला जास्त येते, ते त्याला दिसावं म्हणून.

तो खूश. "वा, गज्या. मला बघायचाय वखर. तुझ्या गावी जाऊ."

माझं होतं, अर्ध्या मिनिटात आमचं झालं.


बुध. ६ मे

ओं.चा मेसेज, दुपारी. त्या औताचं लॅटिन नाव म्हणे लांडग्यावरून पडलं असावं, दातांमुळं. नक्की नाही, पण काही विद्वान तसं मानतात.

लांडगा. सातवीत असताना माळावर पाहिला होता. एकटा. कुत्रा समजून मी यू यू केलं तर थांबून बघितलं त्यानं माझ्याकडं, जसं काही मीच चुकून आलोय. मग गेला, घाई न करता. ते आठवत बसलो आणि एक जोडपं फ्लॅट बघून खाली गेलंसुद्धा. सुपरवायझर बोलला. बोलू दे.

रात्रीच्या आत अजून एक मेसेज. शववाहिनीला इंग्रजीत जो 'हर्स' शब्द आहे तोही याच घरातला. पूर्वी शवपेटीवर मेणबत्त्यांची चौकट ठेवायचे, ती दिसायला त्या औतासारखी, म्हणून तेच नाव.

एका माहेरच्या दोन पोरी. एक नाटकाच्या घरात पडली, एक मयताच्या.

हे वाक्य मला सुचलंय. ओं.ला सांगणार नाही.


रवि. १० मे

पिशोर. सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप लागणार नाही.

पहाटेची कन्नड गाडी, कन्नडहून जीप. जीपवाला मला लहानपणापासून ओळखतो, तरी पुढची सीट ओं.ला. मी मागं, खताच्या गोणीवर.

अण्णा रानातच होते. मला म्हणाले, हे कोण? म्हटलं मित्र, वखर बघायला आलाय. "वखर काय बघायचा," म्हणाले आणि बैलांकडं वळले. तर ओं. ढेकळांतून धडपडत पुढं गेला आणि पाया पडला. मी दिवाळीपासून पडलेलो नाही. अण्णा दोन पावलं मागं सरकले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नीट ठेवला, नुसता लावला नाही.

अर्धं गाव भाड्यानं ट्रॅक्टर सांगतं. अण्णांची अजून ती जोडी, बरगड्या दिसायला लागल्यात. चाऱ्याचे वांधे. पाणी टँकरचं, त्यातलंच बैलांना. म्हणून औत फक्त सकाळी, ऊन चढायच्या आत.

ओं.नं विचारायला सुरुवात केली. काय काय विचारत होता. माती काळी का, भेगा किती खोल जातात, बैलाला कसं कळतं. मला वाटलं अण्णा वैतागतील. अण्णा बोलत होते. बोलतच होते. मागच्या सालीही असंच रान करून ठेवलं होतं, पेरलं, पुढं पाणी आलंच नाही, हेही सांगितलं.

"मग या वर्षी परत का, काका?"

"औंदा काहून नाय?"

एवढंच म्हणाले आणि बैल हाकलले. ओं.नं मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

मग त्याच्या हातात रुमणं दिलं. पहिल्याच दिवशी. वखराची मूठ. सकाळी 'तुम्ही, तुम्ही' चाललं होतं, रुमणं दिल्यावर 'तू' झालं. दाबू नको, नुसता धरून चाल, पास आपली आपण बसती. ओं. वाकडा गेला, अण्णा हसले. वाकडा गेला आणि अण्णा हसले.

मी चौदाचा होतो तेव्हा दोन फेऱ्यांत हातातून काढून घेतलं होतं. तुझं ध्यान नाय, म्हणाले. बरोबर होतं, नव्हतंच. घारी बघत होतो. पण त्याच्याही आधी, चार-पाच वर्षं, मी वखरावर बसायचो. वखर हलका पडू नये म्हणून वर दगड ठेवतात, नाहीतर घरचं पोरगं बसवतात. घरात मी होतो, दगड आणायची गरज नव्हती. मागं अण्णांचे पाय, पुढं बैलांच्या शेपट्या, आणि खालून सगळी जमीन हाडात. मला वखर तेवढाच माहीत. खालून.

साडेनऊला बैल थांबले. रान एकदाच झालं, उभं. वखराची दुसरी पाळी उद्या. अण्णा ओं.ला म्हणाले, राह्यला असता तं दुसरी पाळीबी दाखविली असती. ओं.ला म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मायनं त्याला नवं ताट काढलं. मला माझंच, कडेला चेपलेलं.

येताना बसमध्ये तो माझ्या खांद्यावर झोपला. झोपायच्या आधी म्हणाला, तुझे अण्णा कसले भारी आहेत यार, माझे बाबा माझ्याशी सलग एवढं कधी बोललेलेच नाहीत.

माझेही नाहीत, असं म्हणता आलं असतं.


मंगळ. १२ मे

सॅम्पल फ्लॅटमध्ये मोठ्यानं सराव केला, कुणी नसताना. इंग्रजीत. आरशासमोर. बाथरूममध्ये आवाज चांगला घुमतो. वखर, पास, ढेकूळ, यांना इंग्रजी कुठून आणायचं? सर म्हणतात, आपलेच शब्द ठेव आणि समजावून सांग, पाहुण्यांना तेच आवडतं. समजावताना वाक्य हातातून सुटतं. एकदा मध्येच 'चोवीस तास पाणी' आलं तोंडात.

संध्याकाळी मुकुंदवाडीला खोलीवर येताना एका ठिकाणी जेसीबी जुनं झाड काढत होता, ते बघत तासभर उभा राहिलो. पाहिजे ते सोडून बाकी सगळं बघतो मी.


शनि. १६ मे

क्लासमध्ये आज तालीम.

ठरलं काय होतं? त्यानं फ्रेंचचं सांगायचं, मी शेताचं. वाघचौरेंपुढं एकेकट्यानं बोलायचंय, पण निदान मालकी वाटून घेतली होती आम्ही. तोंडी. चहावर.

तो पहिला उठला. फ्रेंच, लॅटिन, लांडगा, मेणबत्त्या. छान. मग थांबला, हात रुमण्यावर असल्यासारखे धरले आणि शेत सुरू केलं. माझं शेत. बैल, टँकर, भेगा. इंग्रजीत बोलता बोलता एकदम अण्णांच्या आवाजात, मराठीत, "औंदा काहून नाय?"

हुबेहूब. ते 'काहून' जसं अण्णा नाकातून सोडतात तसं. मग टाळ्या. सरांनी चष्मा पुसला. मागच्या बाकावरच्या शेख मॅडम, ज्या कुणासाठीच टाळ्या वाजवत नाहीत, त्यांनीही वाजवल्या.

तेवीस वर्षं मी त्या आवाजाखाली आहे. मला तो आवाज काढता येत नाही. काढावा असं कधी वाटलंच नव्हतं.

नंतर मी. मी दुसरं काय सांगणार, तेच सांगितलं. शेत, बैल, वखर. सर मध्येच म्हणाले, "गजानन, तू ओंकारचंच परत म्हणतोयस."

हसले सगळे. वाईट नाही हसले. ओं. म्हणाला, नाही सर, मूळ याचंच आहे. असं बोलतो तो. चारचौघांत मला माझं परत देतो, मोठ्या मनानं.

खाली टायरवाल्यापाशी त्यानं मला उसाचा रस घेऊन दिला. प्यायलो. ग्लासातला बर्फ संपेपर्यंत चावत बसलो.


गुरु. २१ मे

आज केलं ते जसंच्या तसं लिहितो.

चारच्या सुमारास ओं.चा फोन. माझ्यासमोर गिऱ्हाईक, नवरा-बायको आणि सासू. तो म्हणाला, शेवट जमलाय, फक्त एक सांग. दुसरी पाळी आपण पाहिली नाही ना, ती पहिल्याच रेषेनं जाते ना? त्याच तासानं परत? म्हणजे मला असं म्हणायचंय की रिहर्सल म्हणजे त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा, चूक संपेपर्यंत.

दुसरी पाळी आडवी जाते. पहिली उभी घातली की दुसरी तिला काटून, आडवी. पहिलीत जे मध्ये मध्ये सुटतं ते त्यात फुटतं. मला हे कुणी सांगावं लागलं नाही. उभ्याला बसल्या जागी नुसतं थरथरायचं, आडव्याला उसळायला व्हायचं, मागच्या तासांच्या वरंब्यांवरून. दात आपटायचे.

"हो," मी म्हणालो. "त्याच रेषेनं."

"थँक्स यार."

फोन खिशात टाकला. सासूबाईंना गॅलरी दाखवली. पडदा ओढला.

आता नऊ वाजलेत. 'आडवी असते' असं तीनदा टाइप करून पुसलं. एवढ्याशानं काय होणार आहे? वाघचौरेंना पाळीतलं काय कळणार? ट्रॅव्हल्सवाला माणूस. काही होणार नाही. मग सांगितलं का खोटं?

त्याच्या त्या सुंदर बोलण्यात एक तरी जागा खोटी असावी आणि ती फक्त मला माहीत असावी. एवढंच पाहिजे होतं.


शनि. २३ मे

वाघचौरे साठीचे, पांढरी सफारी, मनगटं जाड. मनगटांवरून तेव्हाच कळायला हवं होतं.

ओं. बोलला. १६ तारखेपेक्षा चांगला. अण्णांचा आवाज काढला तेव्हा वाघचौरे खुर्चीत पुढं सरकले. मला वाटलं संपलं, गेली नोकरी. मग तो शेवटाकडं आला. शेतकरी दुसऱ्यांदा जातो तेव्हा त्याच रेषेवरून जातो, तसूभर हलत नाही, म्हणून रिहर्स. फार सुंदर म्हणाला. सरांनी मान डोलावली.

वाघचौरे मराठीत म्हणाले, थांबा. मी सोयगावकडचा. दाढी-मिशी येईतोवर वखरामागं चाललोय. त्याच तासानं दुसरी पाळी घातली तर वरची माती तेवढी हलते, खालचं ढेकूळ तसंच.

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

ओं.नं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, विसरलेला शब्द विचारतात तसं. मी समोरच्या फळ्यावरचा डाग बघत होतो.

"ऐकताना माझीच चूक झाली असेल, सर," तो म्हणाला आणि बसला.

मग मी. इंग्रजी नेहमीसारखंच, तुकड्यातुकड्यांनी. फ्रेंच दोन वाक्यांत उरकलं. मग सांगितलं की दुसरी पाळी आडवी असते. तेच रान, पण वाट निराळी, आणि पहिल्यांदा जे राहून जातं ते दुसऱ्यांदा सापडतं. तुम्हाला कसं माहीत, वाघचौरेंनी विचारलं. मी म्हटलं, आय वॉज द स्टोन. मग वखरावर बसायचो ते सांगितलं. ते मोठ्यानं हसले, मांडीवर थाप मारली, म्हणाले मीही बसलोय रे.

मी सांगितलेलं सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता.

खाली उतरलो तर ओं.ची गाडी नव्हती. मला मुकुंदवाडीपर्यंत तोच सोडतो नेहमी.


सोम. २५ मे

वाघचौरेंच्या ऑफिसातून फोन. झालं. १ जूनपासून. सकाळी सहाला स्टेशन रोडवर हजर, पहिला महिना जुन्या गाइडबरोबर फिरायचं, अजिंठा आठवड्यातून तीनदा.

सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, तू टिकणार नाहीस हे पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

घरी फोन केला. माय रडली. अण्णा रानात होते. सांगते म्हणाली.

आनंद व्हायला पाहिजे. झाला असेल, खाली कुठंतरी.


बुध. २७ मे

ओं. साइटवर आला. मी कुणाला तरी किचन दाखवत होतो, तो दारात उभा. गिऱ्हाईक गेल्यावर आत आला. माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, हा हॉल, पूर्वमुखी. तो हसला नाही.

खिडकीशी गेला. पडदा बाजूला करून टँकर बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, गिऱ्हाईक होतं समोर, नीट ऐकू आलं नाही, वगैरे. साइटवर चार महिन्यांत तेवढं शिकलोय.

तो म्हणाला, सॉरी यार.

म्हणाला, शनिवारी माझ्या मनात घाण आली. वाटलं तू मुद्दाम सांगितलंस. दोन दिवस झोपलो नाही. मग काल काकांना फोन केला, खरं काय ते विचारायला.

अण्णांना. अण्णांचा नंबर त्याच्याकडं आहे, त्यांनीच दिला होता त्या दिवशी.

"काका म्हणाले, आडवीच असती. पण गजूला मीच तसं बोललो असंन, आता ध्यान राहत नाही माझं. पोराचा दोष नाय."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक 'असू दे'. त्यानं मला मिठी मारली. म्हणाला, तुला मिळाली ते बरोबरच झालं, मी तर उसनं बोलत होतो.

तो गेल्यावर सॅम्पल फ्लॅटच्या पलंगावर बसलो. त्यावर बसायची मनाई आहे.

अण्णांचं ध्यान राहत नाही? कुठल्या वर्षी कुठल्या बांधाला किती ओल होती ते सांगणारा माणूस.


शुक्र. २९ मे

घरी फोन करायचं धाडस नाही. दोनदा नंबर लावला, वाजायच्या आत काढला.

सिडकोतून जाताना ओं.ची गल्ली चुकवली. लांबचा रस्ता, वाटेत नव्या मॉलचं खोदकाम. बघत उभा राहिलो नाही. आज नाही जमलं ते पण.

त्याला सांगितलं तर तो वाघचौरेंकडं जाईल का? नाही जाणार. तेच अवघड आहे. गेला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

आणि सांगितलं तर अण्णा खोटे पडतात.


रवि. ३१ मे

संध्याकाळी मायचा फोन. कपडे घेतले का, बूट घेतले का. मग म्हणाली, थांब, हे बोलतेत.

अण्णा फोनवर कधी येत नाहीत. आले तरी दोन वाक्यं आणि फोन मायच्या हातात.

"लागली म्हनं नोकरी."

"व्हय."

"फिरायची."

"व्हय."

"बरं झालं."

मी थांबलो, आता ठेवतील. नाही ठेवला. मागं माय भांडी घासत होती, ते ऐकू येत होतं. म्हणजे टँकर आला असेल आज. मीही ठेवला नाही. बराच वेळ दोघंही नुसते धरून.

मग मी म्हटलं, अण्णा, तुम्ही मला तसं कधी सांगितलं नव्हतं.

"नव्हतं."

"मग?"

"त्या पोरानं विचारलं अन् गप झाला. मला समजलं काय झालं ते. काय बोलावं? तू माझा हाईस."

वीस दिवस हेच ऐकायचं होतं मला. ओं.च्या डोक्यावर हात ठेवला त्या दिवसापासून. खरं तर त्याच्या लई आधीपासून. आलं ते असं. तिथंच बोलणं संपलं असतं तर चाललं असतं, पण अण्णांनी पुढं विचारलं.

"लई गुणाचं पोरगं हाय ते. त्याला काय सांगणार हाईस?"

म्हटलं, उद्या सांगतो.

"उद्या तं तू कामाला चालला."

आणि ठेवला.

नवे बूट दारापाशी काढून ठेवलेत. सहाला स्टेशन रोडवर पोचायचं म्हणजे पाचला निघावं लागेल. सिडकोवरूनच जावं लागतं. ओं.कडं त्या वेळेला कोण उठलेलं असतं, माहीत नाही.